जनीच्या ओट्यावरची भवानी

डोंबिवली,
१० जानेवारी १९८८

ती. वासंतीआत्या,

नावामागे 'गं. भा.' लिहायची विसरलेले नाही, मुद्दाम गाळलंय. मला ते आवडत नाही, आणि तुलाही आवडत नसावं असा माझा अंदाज आहे. नमस्कार मात्र मनापासून.

आधीच सांगते, हे माफीचं पत्र नाही. पाकीट फाडताना भाऊदादासमोर 'आली बया ताळ्यावर' असं म्हणाली असशील तर शब्द मागे घे. त्या रविवारी तू आणलेले कल्याणचे पाहुणे आपल्या बैठकीत कांदेपोहे खात बसलेले आणि नवरी मुलगी, म्हणजे मी, पोलीस चौकीतल्या बाकावर आपल्या मासळीवाल्या जनीशेजारी बसलेली, हे अगदी खरं. स्थळ हातचं गेलं आणि तुला चारचौघांत मान खाली घालावी लागली, तेही खरं. पण जनीच्या कपाळातून रक्त वाहत होतं गं. मुलगा काय, पुन्हा बघायला येऊ शकला असता. आला नाही, यातच काय ते समज.

तू रागारागाने नागपूरला भाऊदादाकडे निघून गेलीस त्याला पाच महिने होत आले. तेव्हापासून मासळीबाजार आईकडे आलाय आणि आपल्या घरी रोज एक नवीन अपघात शिजतोय. परवा तिने शिळी सुरमई आणली. तू स्वतः आतोबा गेल्यापासून बोंबलाचा तुकडासुद्धा तोंडाला लावत नाहीस, पण कल्ला उचलून बघावा तो तूच. आमची सगळ्यांची पानं वाढून झाली की तू आपली आमटीभात घेऊन कोपऱ्यात बसायचीस. बाबा अजून तुझ्या त्या पाटाकडे बघतात.

मुद्दा असा की आपल्या खाडीवरच्या बाजारात आता जनी नाही. तिच्या ओट्यावर तिची जाऊ भीमाबाई बसते. तुला माहीतच आहे, ओटा सासूकडून सुनेला जातो, पुरुषांनी त्यात पडायचं नसतं. पण तिच्या नवऱ्याने, देवरामने, भावाच्या बायकोला तो परस्पर देऊन टाकला. का, तर जनी उलट बोलते. लग्न झाल्यापासून तो हात उचलतोय आणि ती दुसऱ्या दिवशी पदर कपाळावर ओढून तुला मांदेली मोजून देतेय, इतकी वर्षं. त्या रविवारी भर बाजारात त्याने तिला केसाला धरून ओट्यावरून खाली ओढलं, पाटी लाथाडली आणि दगडाच्या कडेवर डोकं आपटलं. सगळा बाजार बघत होता. आता ती पोरीला घेऊन माहेरी माजिवड्याला भावाच्या पडवीत राहते.

आमच्या लॉ कॉलेजच्या पोरापोरींनी दर शनिवारी इथल्या शाळेत कायदा सल्ला केंद्र चालवायचं ठरवलं, तेव्हा तू हसलेलीस. 'स्वतःची परीक्षा पास व्हायची नाही आणि निघाले दुसऱ्यांचे संसार वाचवायला.' बरं. जनी ही आमची पहिली मोठी केस. पहिल्या दिवशी ती पहिलीतल्या पोरांच्या बाकावर गुडघे वर करून बसली आणि म्हणाली, "मना माझा वटा पायजे. बाकी काय नको." आम्ही कायद्याचे पंडित, आम्ही मान डोलावली आणि तिच्यासाठी पोटगीचा अर्ज करून मोकळे झालो. ओट्याचं काय करायचं ते आम्हाला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

पण काल शकूला सापडलं. शकू म्हणजे मानपाड्याची, जी आपल्याकडे येऊन एका बैठकीत अकरा पुरणपोळ्या खाऊन गेलेली. परीक्षेचं वाचता वाचता ती लायब्ररीत किंचाळली, सरांनी दोघींना बाहेर काढलं. एक कलम आहे, आत्या. एखाद्याला त्याच्या ताब्यातल्या जागेवरून जबरदस्तीने उठवलं तर सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा लावायचा. मालक कोण, हे कोर्ट विचारतच नाही. बसलं कोण होतं आणि त्याला धाकदपटशाने उठवलं का, एवढंच बघतं. सहा महिने फेब्रुवारीच्या मध्यावर संपतात. सध्या मला झोप नाही.

तुला हे सगळं का लिहितेय? तुला कळावं म्हणून. दुसरं काही नाही.

तुझी नीला


डोंबिवली,
११ फेब्रुवारी १९८८

ती. आत्या,

तुझं उत्तर नाही. भाऊदादाचं कार्ड आलं की 'आईची तब्येत उत्तम, ती पत्र वाचते आणि उशीखाली ठेवते.' उशीखाली का असेना.

दावा लागला! काल कल्याणच्या कोर्टात नंबर पडला. आम्हा विद्यार्थ्यांना कोर्टात उभं राहता येत नाही, वकीलपत्राला खराखुरा काळा कोट लागतो. तो आम्ही टिपणीस वकिलांचा मिळवला. प्रभाकर टिपणीस, बाबांच्या शाळेतले. त्यांनी आधी आम्हाला तासभर झापलं, मग चहा पाजला, मग कागद ओढून घेतले. म्हणाले, ओट्यासाठी दावा लावणारी बाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही, म्हणून घेतो. फीबद्दल विचारलं तर परत झापलं.

शकूने दाव्याचा कागद एका बोटाने टाइप केला. मी शेजारी बसून सांगत होते आणि जनी समोर बसून विचारत होती, यात माझ्या सासूचं नाव लिवलंय ना? लिहिलं. सासू असेपर्यंत ती सासूच्या हाताखाली बसायची, सासू गेल्यावर सहा वर्षं स्वतः. जनीने अंगठा उठवला आणि शाई पुसायची सोडून अंगठ्याकडे बघत बसली.

पोलिसांत मोठी केस करू या, देवराम आत जाईल, असंही आम्ही तिला सुचवलं होतं. कायदा आता आहे तसा. तिने शकूला तिच्या बोलीत काय ते सुनावलं आणि शकूने हसत मला सांगितलं. तो आत बसून जेवणार फुकटचं आणि मी बाहेर उपाशी, यात माझा फायदा काय? आधी ओटा. मग त्याचं काय ते मी बघते.

आत्या, ती तुझ्याबद्दल विचारते. 'बाय कधी येनार?' मी म्हणते येईल. मला खोटं पाडू नकोस.

नीला


डोंबिवली,
२३ ऑक्टोबर १९८८

ती. आत्या,

आज नेहमीसारखं नाही लिहिता येत. आमची नाव बुडायला आलीय आणि भोक मी पाडलंय.

काल जनीची उलटतपासणी झाली. मी आणि शकू मागच्या बाकावर. जनी छान बोलत होती, धिटाईने. मग देवरामच्या वकिलाने एक कागद काढला. आम्ही गेल्या वर्षी केलेला तो पोटगीचा अर्ज. त्यातलं एक वाक्य त्याने हळूहळू, चवीने वाचलं. 'अर्जदार ही अशिक्षित गृहिणी असून तिने कधीही कोणताही व्यवसाय केलेला नाही.' आणि विचारलं, हा अंगठा तुझा? जनी म्हणाली, होय. मग ओट्यावर कोण बसत होतं, तुझं भूत?

कोर्टात लोक हसले. जनी पिंजऱ्यातून वळली आणि तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही बघितलं गं. हे काय झालं, एवढंच विचारत होती.

ते वाक्य मी लिहिलेलं. सीनियर मुलांनी दिलेल्या नमुन्यातून जसंच्या तसं. पोटगीच्या प्रत्येक अर्जात ते असतंच, कारण आजवर आमच्याकडे आलेल्या बायका आपल्यासारख्या घरांतल्या होत्या, घराबाहेर न पडलेल्या. टिपणीसकाका बाहेर व्हरांड्यात मला म्हणाले, "गृहिणी? कोळणीला तू गृहिणी लिहिलंस? पहाटे चारला पाटी डोक्यावर घेणाऱ्या बाईला?" आणि पुढे काही बोलले नाहीत. ते झापत नाहीत तेव्हा खरं घाबरायचं असतं.

ते म्हणतात, या वाक्याला उत्तर आहे. कमाई नाही कारण कमाईची जागाच तुम्ही काढून घेतलीत, असा युक्तिवाद करता येईल. पण 'कधीही' या शब्दाचं काय करायचं? त्यासाठी आता बाहेरचा साक्षीदार हवा. ज्याला यात काही मिळवायचं नाही, आणि ज्याने जनीला त्या ओट्यावर बसलेली रोज पाहिलीय असा. बाजारातल्या बायका येणार नाहीत, त्यांना त्याच गावात राहायचंय. मग मी गिऱ्हाइकांकडे गेले. चित्रेकाकूंच्या गुडघ्यात कळ आली. देशपांडे म्हणाल्या, आम्ही मासे घेतो हे सासूबाईंना माहीत नाही. प्रधानांच्या नीताताईंनी मला सरबत पाजलं आणि कोर्टाची पायरी या विषयावर व्याख्यान दिलं.

उरलीस तू.

तू तिचं भवानीचं गिऱ्हाईक. दिवसाची पहिली विक्री तुझ्या हातची, बुधवार, शुक्रवार, रविवार, इतकी वर्षं. बाजार उघडायच्या आधी तू तिथं उभी असायचीस. तुझ्याइतकं त्या ओट्याबद्दल कुणाला माहीत आहे?

कोर्टाकडून समन्स काढता येतं, टिपणीसकाका म्हणाले काढू. मी नको म्हटलं. तुला ओढत नाही आणायची. तारीख तेरा फेब्रुवारी.

नीला


डोंबिवली,
३० नोव्हेंबर १९८८

आत्या,

महिना उलटून गेला. एक ओळ नाही.

आता मी जे लिहिणार आहे ते वर्षभर लिहायचं टाळत होते. बाबा म्हणाले होते, लिहू नकोस. लिहितेच.

त्या रविवारी घरी पाहुणे म्हणून तू बाजारात गेली नव्हतीस. म्हणून तुझी भवानी न घेताच जनीला ओट्यावरून ओढलं गेलं, आणि ती रक्त पुसत आपल्या मागच्या दाराशी आली. माझ्याकडे नाही आली, तुझ्याकडे आली. 'बाय हाय का?' तू दार उघडलंस, तिच्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, आज पाहुणे आहेत, घरचं घरात मिटव, उद्या ये. आणि कडी लावलीस. मी मोरीत हात धूत होते, मी सगळं ऐकलं. मी त्याच दाराने बाहेर पडले, साडी तीच, तू नेसवलेली.

तुला वाईट म्हणायला हे लिहीत नाही. तू वाईट नाहीस, आजारी मांजराला सुद्धा तू कापसाच्या बोळ्याने दूध पाजतेस. मला फक्त एवढंच कळत नाही की त्या एका दाराशी तुझं काय झालं. तुझा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मला आठवतं. तू चिडलेली नव्हतीस, घाबरलेली होतीस.

यायचं तर ये, नाही तर राहू दे. मी पुन्हा विचारणार नाही.

नीला


डोंबिवली,
२० फेब्रुवारी १९८९

माझी वासंतीआत्या,

साक्ष दिलीस आणि संध्याकाळची विदर्भ पकडून लगेच पळालीस! घरी चल म्हटलं तर म्हणालीस, भाऊच्या मुलाची परीक्षा आहे. पाच वर्षांच्या पोराची कसली गं परीक्षा? तू गेल्यावर काय काय झालं हे तुला माहीतच नाही, आणि तू पिंजऱ्यात असताना मागे काय झालं तेही तुला दिसलं नाही, म्हणून सगळं लिहितेय. वाचून उशीखाली ठेवू नकोस, भाऊदादाला मोठ्याने वाचून दाखव.

तू स्टेशनवरून थेट आलीस ना, हातात ती पिशवी, तेव्हा शकूने माझ्या दंडाला एवढ्या जोरात चिमटा काढला की अजून डाग आहे. टिपणीसकाका उभे राहिले. ते जज्जसाहेब आल्यावर सोडून कुणासाठी उभे राहत नाहीत.

देवरामच्या वकिलाने तुला सुरुवातीला फार गोड विचारलं. म्हणजे जनी तिथं सासूच्या वतीने बसत होती, घरातली नोकर असावी तशी, बरोबर? आणि तू म्हणालीस, "मालकीचं मला विचारू नका. भवानी कोण घेत होतं ते विचारा." जज्जसाहेबांनी पेन थांबवलं. भवानी म्हणजे काय ते नोंदवायला सांगा, म्हणाले. आणि तू त्यांना शाळेत शिकवावं तसं सांगितलंस. पहिल्या विक्रीचे पैसे ज्याचा ओटा त्यानेच हातात घ्यायचे, कोयत्याला लावायचे, कपाळाला लावायचे. बदली बसलेल्या बाईने ते घ्यायचे नाहीत, दिवस जातो वाया. सासू होती तोवर जनी माझे पैसे घेत नसे, मी म्हातारीची वाट बघत उभी राहायची. म्हातारी गेल्यावर जनी स्वतः घेऊ लागली.

मग तू जे सांगितलंस ते मलाही माहीत नव्हतं. जनी बाळंत झाली तेव्हा सव्वा महिना ओट्यावर भीमाबाई बसली होती. आणि भीमाबाईने तुझे पैसे एकदाही हातात घेतले नाहीत. तुला ते ओट्यावर ठेवायला सांगायची आणि म्हणायची, वयनीची भवानी हाय, मी कशी घेव? पदराच्या गाठीत बांधून ते रोज जनीच्या खाटेशी नेऊन द्यायची. तू हे सांगत होतीस तेव्हा भीमाबाई तिसऱ्या बाकावर बसली होती. तिने मान इतकी खाली घातली की मागून फक्त अंबाडा दिसत होता.

वकील चिडला. त्याने तो प्रश्न विचारला. तुम्ही चांगल्या घरातल्या, इतक्या लांबून एका कोळणीच्या नवराबायकोच्या भांडणात कशाला आलात? तू उजव्या हाताने डावा कोपर धरलास. मग म्हणालीस, "ती त्या दिवशी माझ्या दाराशी आली होती. मी दार लावलं. माझ्या वेळी मी ज्या दाराशी गेले होते, तेही असंच लावलं होतं."

जज्जसाहेबांनी ते लिहून घेतलं नाही. दाव्याशी त्याचा संबंध नव्हता. 

आत्या, तुझा तो हात सरळ होत नाही हे मी लहानपणापासून बघतेय. न्हाणीघरात पडले म्हणायचीस. आम्हाला खरंच वाटायचं. कोर्टात बाबा माझ्या शेजारी बसले होते. रिक्षात परत येताना ते म्हणाले, "ते दार आपलंच होतं, नीला. आजोबांनी लावलं. मी आतल्या बाजूला उभा होतो, तेरा वर्षांचा." आणि मग ठाकुर्लीच्या फाटकापर्यंत रडले. रिक्षावाल्याने आरसा वर करून घेतला. मी तुला काही विचारणार नाही. पण माझा तुझ्यावरचा सगळा राग त्या रिक्षातच संपला आणि आतोबांचा हार घातलेला फोटो मी बैठकीतून काढलाय. खिळासुद्धा आईनेच उपटला.

आता पुढची बातमी. परवा त्यांच्या बाजूची साक्ष होती, भीमाबाईची. तिला पढवलं होतं हे आंधळ्यालाही दिसत होतं. ओटा आमच्या घराचा, जनी कधीमधी यायची, असं तिने म्हणून टाकलं. टिपणीसकाका उठले. त्यांनी एकच विचारलं, वासंतीबाईंची भवानी तू हातात घेतलीस का?

भीमाबाईने पदर सावरला. देवरामकडे बघितलं, जज्जसाहेबांकडे बघितलं. काकांनी परत विचारलं, अगदी हळू. आणि भीमाबाई म्हणाली, "नाय घेतली. बाकीचं मना सांगितलेलं बोलले, पन भवानीचं खोटं मी कशी बोलू? मना उद्या तिथंच बसायचं हाय."

देवरामचा वकील खाली बसला. नुसता बसला नाही, फाइल मिटून बसला.

आता निकाल. दिवस मोजतेय.

तुझी, तुझीच,
नीला


डोंबिवली,
९ एप्रिल १९८९

आत्या, आत्या, आत्या,

जिंकलो!

गुरुवारी निकाल लागला. जनीचा ताबा होता हे शाबीत, जबरदस्तीने काढलं हे शाबीत, ओटा तिला परत द्यावा. आणि 'कधीही व्यवसाय केला नाही' या माझ्या दिव्य वाक्याबद्दल जज्जसाहेबांनी लिहिलंय की हे अर्ज लिहिणाराचे शब्द दिसतात, अर्जदाराचे नव्हेत. शकूने तो परिच्छेद मला तीनदा वाचून दाखवला, चहा पिताना एकदा आणि विनाकारण दोनदा. सगळ्यात मजा म्हणजे या कलमाखालच्या निकालावर अपीलच नाही. देवराम वर जाऊ म्हणाला तेव्हा त्याच्याच वकिलाने त्याला हे सांगितलं. त्याचं तोंड बघायला तू हवी होतीस.

आज रविवार. सकाळी बेलीफ आला, पंच आले, आम्ही सगळे आलो. काका कोट घालूनच आले, मासळीबाजारात, या उकाड्यात. भीमाबाईने स्वतःहून आपली पाटी उचलली आणि पलीकडच्या कोपऱ्यात, तिच्या जुन्या जागेवर नेऊन ठेवली. जाता जाता जनीचा ओटा बादलीभर पाण्याने धुऊन गेली.  देवराम पानाच्या ठेल्याशी उभा होता. कुणी त्याच्याकडे बघेना तेव्हा निघून गेला. जनी त्याच्या घरी परत गेलेली नाही, भीमाबाईच्याच शेजारणीची खोली तिने घेतलीय. म्हणते, आता तो दाराशी आला तर मी आधी कोयता हातात घेईन आणि मग कोन हाय विचारीन.

ती ओट्यावर चढली ना, तेव्हा आधी नुसती बसली. तळवा दगडावर ठेवून. बाजारातल्या बायका सगळ्या थांबलेल्या. ज्या साक्षीला आल्या नाहीत त्याच. मग एक म्हातारी ओरडली, अगो आता बसून रातीपर्यंत ऱ्हानार काय, पाटी उघड! आणि सगळ्या हसल्या, काही डोळे पुसत हसल्या. शकू तर उघड उघड रडत होती आणि कोलंबीचा भाव विचारत होती.

बेलीफसाहेबांना पापलेट हवं होतं. पैसे पुढे केले. जनीने हात मागे घेतला. म्हणाली, साहेब, थांबा. मग माझ्याकडे बघितलं.

मला आठवलं, कोर्टातून निघताना तू माझ्या हातात पाचाची एक नोट कोंबलेलीस, ओटा मिळाला तर माझी भवानी घाल म्हणून. पाकिटात होती, तशीच घडी. मी दिली. जनीने ती कोयत्याला लावली, कपाळाला लावली आणि बाजाराच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "वासंतीबायची भवानी हाय ही!"

आत्या, मी कॉलेजात कितीतरी निकाल वाचले. असा एकही नव्हता. मला आज इतका आनंद झालाय की अक्षरसुद्धा ओळीत बसत नाही.

तुझ्या नोटेचा तिने मोठा, लाल कल्ल्याचा हलवा दिला, वर मूठभर मांदेली. आईने त्याचा चिखल केला. आम्ही सगळे तो चिखल हसत हसत जेवलो आणि तुझा पाट मध्ये मांडून ठेवला होता, रिकामा.

परीक्षेनंतर काका मला हाताखाली घेणार आहेत. शनिवारी केंद्रात आता बाक पुरत नाहीत. पोटगीचा तो नमुना मी फाडला आणि आता प्रत्येकीला पहिला प्रश्न हाच विचारते की बाई, तुम्ही काय काम करता.

ये ना गं.

नीला


(पोस्टकार्ड)

नागपूर,
१५ एप्रिल १९८९

चि. नीलास वासंतीचे अनेक आशीर्वाद.

तुझी सर्व पत्रे पोचली. उत्तर लिहायला बसले की हात चालत नसे, म्हणून लिहिले नाही. फोटो काढलास ते बरे केलेस. मी इतकी वर्षे काढायला हवा होता.

बुधवारी पहाटे कल्याणला उतरते. स्टेशनवर कोणी येऊ नये, मी परस्पर बाजारात जाईन. जनीला म्हणावे, मध्यम हलवा ठेव, फार मोठा नको, आणि माझ्याआधी भवानी कोणाची घेऊ नको. वहिनीला सांग की मसाला वाटून ठेव, पण कढईला हात लावू नको.

त्या कल्याणच्या स्थळाचे मनावर घेऊ नकोस. मुलगा तसाही मला फारसा आवडला नव्हता.

पाने मांडशील तेव्हा माझेही मांड, तुमच्या ओळीत. कोपऱ्यात नको. आणि मला आमटीभात नको. तुमच्याबरोबर मीही हलवा खाणार आहे.

आत्या